आईवडिलांच्या धर्माबाहेर डोकावताना

दुसऱ्या धर्माबद्दल कुतूहल वाटणं आणि धर्म बदलणं यांत बरंच अंतर आहे. घरात मात्र पहिली गोष्ट कळली की सगळे थेट दुसरीवर पोहोचतात. मुलाच्या टेबलावर वेगळ्या धर्माचा ग्रंथ दिसला, मुलगी कुठल्या तरी प्रार्थनेला जाऊन आली, एवढ्यावर आईवडिलांच्या डोक्यात नाव बदलण्यापासून लग्न आणि अंत्यविधीपर्यंतचं सगळं पाच मिनिटांत फिरून जातं. शोधणाऱ्याचंही फार वेगळं नसतं. चार प्रवचनं ऐकली, दोनदा शांत बसून बरं वाटलं, की 'मग आता मी नक्की कोण?' हा प्रश्न त्याला झोपू देत नाही. त्याचं उत्तर इतक्या घाईने द्यायचं नसतं. बहुतेक जुने धर्म ते घाईने मागतही नाहीत, आणि काहींनी तर येणाऱ्याला थोपवून धरायची रीतच घालून ठेवली आहे. त्याकडे येऊच. आधी आपण काय शोधतो आहोत ते पाहू.

मानणं, पाळणं, आपलं असणं

कुठलाही धर्म घेतला तरी त्यात तीन धागे एकमेकांत गुंतलेले असतात. एक मानण्याचा: देव आहे का, एक की अनेक, मेल्यावर काय होतं, जगात दुःख का आहे. दुसरा पाळण्याचा: प्रार्थना, उपवास, सण, दिवसाची सुरुवात कशी करायची, कशाला हात लावायचा नाही. तिसरा आपलेपणाचा: आपली माणसं कोण, जन्म-लग्न-मरणाला कोण धावून येतं, आपलं नाव कुणाच्या वहीत आहे. लहानपणी हे तिन्ही एकत्रच मिळतात, त्यामुळे ते वेगवेगळे आहेत हे लक्षातच येत नाही. दुसरीकडे डोकावलं की ते सुटे दिसू लागतात. या शोधातला निम्मा गोंधळ, माझ्या मते, हे धागे ओळखता न आल्यामुळे होतो.

शिवाय प्रत्येक धर्मात या धाग्यांचं वजन सारखं नाही. ख्रिस्ती धर्मात मानण्याला फार महत्त्व. इ.स. ३२५ मध्ये नायसिया इथे बिशप जमले आणि आम्ही नेमकं काय मानतो हे त्यांनी शब्दांत बांधलं. त्याचं पुढे वाढवलेलं रूप आजही कितीतरी चर्चमध्ये सगळे मिळून मोठ्याने म्हणतात. यहुदी धर्मात पाळणं आणि समाजाचा भाग असणं पुढे येतं. देवाविषयी गंभीर शंका असलेला माणूसही तिथे पक्का यहुदी असू शकतो. हिंदू परंपरांत मानण्याची मोकळीक प्रचंड, पण घराण्याची रीत मोडली की कपाळावर आठ्या. अनेक बौद्ध परंपरांत भर साधनेवर. म्हणून होतं काय, की ख्रिस्ती घरात वाढलेला माणूस ध्यानकेंद्रात जाऊन विचारतो, "तुम्ही मानता तरी काय?" आणि उत्तरादाखल त्याला बसायला आसन दाखवलं जातं. आपण नव्या धर्माला जे प्रश्न विचारतो तेसुद्धा जुन्या घरातूनच आणलेले असतात.

तेव्हा खरा उपयोगाचा प्रश्न असा: माझ्यात नेमकं कमी काय पडतं आहे? घरची प्रार्थना पाठ आहे पण आत काहीच हलत नाही, असं असेल तर तुम्हाला कदाचित साधना हवी आहे, आणि ती जुन्या धर्माच्याच एखाद्या न पाहिलेल्या कोपऱ्यात सापडू शकते. जवळपास प्रत्येक मोठ्या धर्मात मौनाची, नामस्मरणाची, ध्यानाची एखादी शाखा असतेच. घरच्यांना ती ठाऊक नसते, इतकंच. एखाद्याचा अडसर बुद्धीचा असतो. दयाळू देवाच्या जगात लहान मुलं का मरतात, या प्रश्नावर त्याला लहानपणी "असं विचारू नये" एवढंच ऐकायला मिळालेलं असतं. आणि एखाद्याला यांपैकी काहीच नको असतं. तो एकटा असतो. त्याला दर आठवड्याला नावाने हाक मारणारी माणसं हवी असतात. हे तिसरं कारण सर्वांत जास्त आढळतं, असा माझा अंदाज आहे, आणि तेच सर्वांत कमी कबूल केलं जातं, कारण 'मला सत्य गवसलं' हे सांगणं 'मला मित्र मिळाले' यापेक्षा भारदस्त वाटतं.

विचार आधी की माणसं आधी

मित्रांवरून माणसं धर्म बदलतात यात उथळ काहीच नाही. १९६५ साली जॉन लॉफलंड आणि रॉडनी स्टार्क या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी एका छोट्या नव्या धार्मिक गटाचा जवळून अभ्यास मांडला. गटात सामील झालेले लोक नंतर सांगायचे की आम्हाला शिकवण पटली म्हणून आम्ही आलो. प्रत्यक्षात बहुतेकांचे गटातल्या कुणाशी तरी जिव्हाळ्याचे संबंध आधी जुळले होते आणि बाहेरच्या माणसांशी असलेले सैल झाले होते. शिकवण नंतर पटली. पुढे इतर गटांच्या अभ्यासांतही नात्यांचं हे वजन पुन्हा पुन्हा दिसलं.

याचा अर्थ प्रेमात पडून किंवा मैत्रीतून उगवलेली ओढ खोटी, असा नाही. दार कुणीतरी दाखवावं लागतंच. फक्त एक प्रश्न स्वतःला विचारून ठेवावा: हा माणूस उद्या आयुष्यातून गेला तर मी या प्रार्थनेला येईन का? उत्तर 'माहीत नाही' असेल तर तेही ठीक. मग कायमचं काही ठरवायला अजून वेळ आहे, एवढं त्यातून कळतं.

अचानक सगळं पालटलं, असे अनुभवही खरे असतात. विल्यम जेम्स या तत्त्वज्ञ-मानसशास्त्रज्ञाने १९०१-०२ मध्ये एडिंबरोला दिलेल्या व्याख्यानांत अशी शेकडो निवेदनं तपासली आणि झटक्यात होणारं परिवर्तन व हळूहळू होणारं परिवर्तन अशी विभागणी केली. झटक्यात झालेल्यांच्या मनात आत, नकळत, बराच काळ काहीतरी शिजत असतं, असं त्याचं म्हणणं होतं. तो अनुभव देवाने दिला की मनाने, हे ठरवणं त्याने वाचकावर सोडलं आणि त्याची परीक्षा फळांवरून करावी असं सुचवलं: नंतर माणूस कसा जगतो ते बघा.

किती लोक प्रत्यक्ष बदलतात? देशागणिक आकडा जमीन-अस्मानाइतका वेगळा आहे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६ देशांच्या पाहणीत दक्षिण कोरियातल्या निम्म्या प्रौढांनी सांगितलं की वाढलो त्या धर्मगटात आम्ही आता नाही. भारतात हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास. आणि जिथे बदल मोठा आहे तिथे बहुतेक लोक दुसऱ्या धर्मात न जाता 'कुठलाच धर्म नाही' या रकान्यात गेलेले दिसतात.

कुठलं दार कसं उघडतं

धर्म येणाऱ्याला कसा वागवतो, यावरून त्या धर्माबद्दल खूप काही कळतं, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

यहुदी परंपरेत रब्बी, म्हणजे धर्मगुरू, येणाऱ्याला आधी परावृत्त करतो. तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात याची जवळजवळ संहिताच दिली आहे. येणाऱ्याला विचारायचं: तू काय पाहून आलास? आमच्या लोकांचा आज छळ होतो आहे, हे तुला ठाऊक नाही का? तो म्हणाला, "ठाऊक आहे, आणि माझी पात्रता नाही," तर त्याला स्वीकारायचं, काही सोप्या आणि काही अवघड आज्ञा सांगायच्या, पण फार ताणायचं नाही. आजही ऑर्थोडॉक्स, म्हणजे कडक परंपरावादी, मार्गाने यहुदी होणं हे बहुधा वर्षभराचं किंवा त्याहून लांब काम असतं: अभ्यास, सब्बाथ म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस पाळून दाखवणं, तीन जणांच्या धर्मपीठासमोर उभं राहणं, पुरुषांसाठी सुंता आणि शेवटी मिकवा नावाच्या कुंडात पूर्ण बुडी.

कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांसाठी टप्प्याटप्प्याची तयारी आहे. सुरुवातीच्या शतकांत असलेली ही पद्धत मध्ये लोपली होती. चर्चमध्ये मोठ्या सुधारणा करणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ मध्ये, तिचा नवा विधी आला. महिनोन्महिने शिकायचं, प्रश्न विचारायचे आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा घ्यायचा. दुसऱ्या ख्रिस्ती पंथात रीतसर बाप्तिस्मा झालेला असेल तर तो पुन्हा देत नाहीत.

इस्लामचं दार सर्वांत सोपं. मनापासून शहादा म्हटली, म्हणजे अल्लाहशिवाय ईश्वर नाही आणि मुहंमद त्याचे प्रेषित आहेत अशी ग्वाही दिली, की माणूस मुसलमान होतो. धर्मगुरूची मध्यस्थी लागत नाही. अवघड भाग पुढे: दिवसातून पाच वेळा नमाज, रमजानचे रोजे, जकात म्हणजे बंधनकारक दान. आत जाणं सोपं म्हणून राहणंही सोपं असेल, असं समजू नये.

शीख धर्मात गुरुद्वाऱ्यात बसायला कुणालाच आडकाठी नाही. डोकं झाका, पादत्राणं काढा, बसा. पण खालशात, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांच्या समुदायात, प्रवेश ही वेगळी गोष्ट: १६९९ पासून चालत आलेला, पाच प्याऱ्यांच्या (पाच दीक्षित शिखांच्या) हातून होणारा अमृतविधी आणि त्यानंतर आयुष्यभराची शिस्त. कितीतरी जन्माने शीख असलेले लोकही तो विधी घेत नाहीत.

मला सर्वांत आवडते ती बुद्धाची आणि उपालीची गोष्ट. उपाली हा श्रीमंत गृहस्थ, निगंठ नातपुत्तांचा म्हणजे महावीरांचा अनुयायी. वादात बुद्धाला हरवायला आला आणि स्वतःच पटून गेला. लगेच म्हणाला, मला शिष्य करून घ्या. बुद्ध त्याला म्हणाले, नीट तपासून पाहा. तुझ्यासारख्या नामांकित माणसाने नीट तपासून मगच पाऊल टाकणं बरं. आणि पुढे: तुझ्या घराने आजवर निगंठांना (जैन साधूंना) भिक्षा दिली आहे, ते आले तर ती देत राहा. नव्याकडे जाताना जुन्यांच्या पानावरून हात आखडू नकोस, असं नवा गुरूच सांगतो आहे. दुसऱ्या पंथातून भिक्षू व्हायला येणाऱ्यासाठी संघाने चार महिने पारखून घेण्याचा नियमही केला होता.

काही दारं बंद आहेत. मध्यपूर्वेतल्या द्रूझ या धर्मसमाजाने १०४३ साली नवे अनुयायी घेणं थांबवलं. तिथल्याच यझिदी या धर्मसमाजात असण्यासाठी आई आणि वडील दोघेही यझिदी असावे लागतात. भारतातले पारशी बाहेरच्यांना धर्मात घेत नाहीत, जरथुष्ट्राला मानणारे इतर ठिकाणचे काही गट घेतात. अशा धर्मावर प्रेम बसलं तर अभ्यासक आणि स्नेही म्हणून जवळ राहता येतं, आत जाता येत नाही, आणि हट्ट धरणं त्या समाजाला दुखावणारं ठरतं.

याच्या उलट टोकाला असे लोक आहेत ज्यांच्या मते जन्माने धर्म मिळतच नाही. १५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही माणसांनी एकमेकांना मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा दिला, कारण तान्ह्या मुलाला निवड करता येत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांपैकी फेलिक्स मान्झ याला दोन वर्षांत लिमात नदीत बुडवून मारण्यात आलं. आज अमेरिकेत जुन्या साध्या पद्धतीने राहणारे आमिश लोक याच परंपरेतले: त्यांच्या मुलांना मोठं झाल्यावर स्वतः ठरवावं लागतं. बहाई धर्मातही सत्याचा स्वतंत्र शोध हे तत्त्व आहे, आणि बहाई घरात जन्मलेल्यानेही पंधराव्या वर्षांनंतर आपलं आपण ठरवायचं असतं.

बाहेरचं दारही पाहून ठेवावं, हे कुणी सांगत नाही. कॅथलिक शिकवणीप्रमाणे बाप्तिस्म्याची खूण पुसली जात नाही. जर्मनीत चर्च सोडायचं तर सरकारी कचेरीत जाऊन नोंद करावी लागते, कारण तिथे चर्च-कर आयकराबरोबर कापला जातो. काही आधुनिक गटांत सोडून जाणाऱ्याशी घरच्यांनीही बोलायचं नाही असा दंडक असतो. तुम्ही गटात शिरण्याआधीच "इथून कुणी बाहेर पडलं तर तुम्ही त्याच्याशी कसे वागता?" असं विचारलं आणि समोरचा चिडला, तर तेवढ्यावर परत फिरायला हरकत नाही. घरच्यांपासून लपवायला सांगणं, महिन्याभरात दीक्षेची घाई, पैशाचा तगादा, प्रश्न विचारला की श्रद्धा कमी असल्याचा ठपका, ही लक्षणं नव्या-जुन्या कुठल्याही धर्माच्या नावाखाली दिसू शकतात.

तुलना करताना

क्रिस्टर स्टेंडाल हे स्वीडिश धर्मपंडित स्टॉकहोमचे बिशप होते. १९८५ मध्ये तिथे अमेरिकेत उगम पावलेल्या मॉर्मन पंथाच्या मंदिराला विरोध होत असताना त्यांनी दुसऱ्या धर्माकडे पाहण्याचे तीन नियम सांगितले. त्या धर्माबद्दल त्याच्या शत्रूंना न विचारता त्याच्या अनुयायांना विचारा. आपलं उत्तम आणि त्यांचं वाईट अशी तुलना करू नका. आणि त्यांच्याकडचं काहीतरी आपल्याकडे असतं तर, असं वाटायला मनात जागा ठेवा.

घरचा धर्म सोडू पाहणारा माणूस दुसरा नियम नेमका उलटा मोडतो. नव्या धर्माचा ग्रंथ, त्याचे संत, त्याची तत्त्वं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आपल्या आत्याचा सोवळेपणा, काकांची कर्मठ बडबड आणि देवळातल्या किंवा चर्चमधल्या समितीची भांडणं. हा सामना कोण जिंकणार ते ठरलेलंच असतं. तुलना करायची तर ग्रंथाची ग्रंथाशी आणि समितीची समितीशी करावी. नव्या ठिकाणची समितीही भांडते, हे कळायला साधारण वर्ष लागतं, म्हणून एक पूर्ण वर्ष, सगळे सण, सगळे उपवास आणि मधले कंटाळवाणे आठवडे धरून, पाहिल्याशिवाय कुठलाच विधी घेऊ नये असं मी कुणालाही सांगेन. मोठ्या उत्सवाच्या दिवशी सगळेच धर्म सुंदर दिसतात. पावसाळी मंगळवारी जेमतेम सात माणसं आलेली असताना तिथे बसून पाहावं.

जाताना काही साधी पथ्यं. आधी कळवून जा, "मी फक्त पाहायला आलो आहे" असं सांगा. बहुतेक ठिकाणी लोक आनंदाने जागा करून देतात. मागे बसा. सगळे उठले की उठा, पण जे शब्द तुम्हाला मान्य नाहीत ते म्हणायची सक्ती नसते. मास या कॅथलिक प्रार्थनाविधीत पवित्र भाकर बाप्तिस्मा न झालेल्यांनी घ्यायची नसते, रांगेत ओढलं गेलं तरी. एक ग्रंथ भक्ताने लिहिलेला वाचा, एक अभ्यासकाचा, आणि एक तो धर्म सोडलेल्याचा. तिन्ही वाचूनही ओढ टिकली तर ती पोकळ नाही.

वेळ लागला तर बिघडत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधल्या २१ वर्षांत त्यांनी शीख धर्माचाही गांभीर्याने विचार केला. त्यांचा प्रश्न एका व्यक्तीच्या मनःशांतीचा नव्हता, एका समाजाच्या माणूसपणाचा होता, त्यामुळे एकट्याच्या शोधाशी त्याची बरोबरी करता येत नाही. तरीही 'सोडायचं' हे ठरणं आणि 'कुठे जायचं' हे ठरणं यांत किती अंतर असू शकतं, ते यातून दिसतं. सिमोन वेल ही फ्रेंच विचारवंत यहुदी कुटुंबात जन्मली, कॅथलिक श्रद्धेकडे खोलवर ओढली गेली आणि तरीही वर्षानुवर्षं बाप्तिस्मा टाळत राहिली. आपली जागा उंबरठ्यावरच आहे असं तिला वाटे. जपानमध्ये तर शिंतो आणि बौद्ध अशा दोन्ही याद्यांत एकाच माणसाची गणना होते, म्हणून तिथल्या सगळ्या अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरते. एकच निवडलं पाहिजे, हा आग्रहही सगळीकडे नाही.

घरी सांगताना

आता अवघड भाग. मुलगा बोलत असतो मानण्याबद्दल, आईवडील ऐकत असतात आपलेपणाबद्दल. तो म्हणतो, "मला निराकार ईश्वर पटतो." आईला ऐकू येतं, "मी तुमचा नाही." मग ती विचारते, "आमच्यात काय कमी होतं?" आणि तो ईश्वराच्या स्वरूपावर आणखी दहा मिनिटं बोलतो. हे भांडण कुणीच जिंकू शकत नाही, कारण दोघे एका विषयावर बोलतच नसतात. तिच्या मनातले खरे प्रश्न वेगळे असतात: सणाला येशील का, तुझ्या मुलांना आमची गाणी माहीत असतील का, आमच्या माघारी आमचं कोण करेल. या प्रश्नांची उत्तरं आधी द्यावीत. ईश्वराचं स्वरूप थांबू शकतं.

धर्मग्रंथांनाही हा पेच चांगला माहीत आहे. बायबलमध्ये "आपल्या आईबापांचा मान राख" ही आज्ञा आहे, आणि मत्तयच्या शुभवर्तमानात माझ्यापेक्षा आईबापांवर जास्त प्रेम करणारा मला योग्य नाही, हेही येशूचंच वाक्य. कुरआनमध्ये, सूरह लुकमानच्या १५ व्या आयतीत, आईवडील दुसऱ्याला अल्लाहचा भागीदार मानायला भाग पाडत असतील तर ऐकू नकोस, पण या जगात त्यांच्याशी भलेपणाने राहा, असं सांगितलं आहे. बुद्धाने आपला मुलगा राहुल याला प्रव्रज्या म्हणजे संन्यासदीक्षा दिली तेव्हा बुद्धाचा पिता शुद्धोदन कळवळून म्हणाला की मुलाची माया कातडी कापते, मांस कापते, स्नायू आणि हाडं कापत थेट मज्जेपर्यंत जाते. यापुढे आईवडिलांच्या परवानगीशिवाय कुणाच्या मुलाला घेऊ नका, असं त्याने मागितलं. बुद्धाने ते मान्य केलं आणि संघाचा नियम झाला.

एडिथ स्टाइनची हकीकत मला या संदर्भात फार बोलकी वाटते. १८९१ मध्ये तेव्हा जर्मनीत असलेल्या ब्रेस्लाऊ इथे धार्मिक यहुदी कुटुंबात तिचा जन्म. किशोरवयात श्रद्धा सुटली, ती तत्त्वज्ञ झाली आणि १ जानेवारी १९२२ रोजी तिने कॅथलिक बाप्तिस्मा घेतला. विधवा झाल्यावर लाकडाचा धंदा एकटीने सांभाळून मुलांना वाढवणाऱ्या तिच्या आईला हा मोठा धक्का होता. एडिथला मठात जायचं होतं, पण ती जवळजवळ बारा वर्षं थांबली. आईला दुसरा घाव लगेच नको, हे त्यामागचं एक कारण. घरी आली की ती आईबरोबर सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळात, जायची. निघायच्या आदल्या दिवशी, ऑक्टोबर १९३३ मध्ये, दोघी तिथून परतत होत्या. आईने विचारलं, प्रवचन छान झालं ना? हो. मग यहुदी राहूनही माणूस धार्मिक असू शकतो? असू शकतो, पुढचं काही कळलं नसेल तर. त्यावर आई म्हणाली, मग तुला ते कशाला कळलं? मला त्याच्याविरुद्ध (येशूविरुद्ध) काही बोलायचं नाही, तो फार चांगला माणूस असेल. पण त्याने स्वतःला देव का केलं?

आईचा धर्मशास्त्रीय मुद्दा चोख होता, मुलीचंही ठाम होतं, आणि तरीही दोघी एकाच रस्त्याने सोबत घरी चालल्या होत्या. घरात समेट झाला, असं म्हणता येत नाही. एडिथ मठातून दर आठवड्याला पत्र लिहायची आणि बराच काळ आईचं उत्तर यायचं नाही. १९४२ मध्ये नाझींनी एडिथला यहुदी म्हणूनच आउश्वित्झमध्ये मारलं. बाप्तिस्म्याने तिचं मानणं बदललं, पाळणं बदललं. तिसरा धागा मात्र एकट्या माणसाच्या हातात नसतो. स्वतः तीही आपण यहुदी लोकांतली आहोत असंच शेवटपर्यंत मानत होती.

सांगण्याबद्दल व्यवहाराचं थोडं. नक्की ठरण्याआधी, कुतूहलाच्या टप्प्यावरच सांगितलं तर धक्का लहान बसतो, पण हे घर पाहून ठरवावं. जिथे मारहाण, घराबाहेर काढणं किंवा शिक्षण थांबवणं अशी खरी भीती आहे तिथे गप्प राहण्यात अप्रामाणिकपणा नाही. आधी स्वतःच्या पायावर उभं राहा, विश्वासातलं एक मोठं माणूस जोडा. सांगायचंच तर सणाच्या दिवशी, लग्नाच्या गडबडीत किंवा भांडणाच्या भरात सांगू नये. दोघांपैकी एकाला आधी सांगून दुसऱ्यापासून लपवायला लावू नये. आणि घरच्या देवाधर्मातली चूक दाखवून सुरुवात करू नये. त्याच धर्माने आईला तिच्या वाईट दिवसांत तारलेलं असतं.

कायदा काय म्हणतो

१० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, कलम १८ मध्ये, धर्म बदलण्याचं स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत आलं. लेबननचे चार्ल्स मलिक यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. सौदी अरेबियाचा या शब्दांना आक्षेप होता आणि अंतिम मतदानात तो देश तटस्थ राहिला. पाकिस्तानचे झफरुल्ला खान यांनी मात्र कुरआनचा आधार देऊन या कलमाची बाजू घेतली. १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात 'बदलणं' जाऊन 'आपल्या पसंतीचा धर्म असणं किंवा स्वीकारणं' अशी जरा मवाळ भाषा आली.

अल्पवयीनांचं काय? १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १४ मुलालाही विचार आणि धर्माचं स्वातंत्र्य देतं, आणि मुलाच्या वाढत्या समजेनुसार मार्गदर्शन करण्याचा आईवडिलांचा हक्कही मानतं. जर्मनीत १९२१ पासून याचा नेमका कायदा आहे: बाराव्या वर्षांनंतर मुलाच्या मर्जीविरुद्ध त्याचा धर्म बदलून त्याला वाढवता येत नाही, आणि चौदाव्या वर्षी ते स्वतः धर्म ठरवू शकतं. असा आकडा घालून दिलेले देश थोडे. दुसऱ्या टोकाला, इस्लाम सोडणाऱ्याला मृत्युदंडापर्यंतची शिक्षा होऊ शकते असेही काही देश आहेत. सुदानने ती तरतूद २०२० मध्ये रद्द केली. आणि जिथे लग्न, घटस्फोट, वारसा, दत्तक यांचे कायदे धर्मावर अवलंबून आहेत तिथे कागदोपत्री धर्म बदलण्याआधी वकिलाला गाठावं. मनातला बदल आणि सरकारी नोंदीतला बदल एकाच दिवशी व्हायला हवेत असं काही नाही.

आईवडील हे वाचत असतील तर

तुमच्या मुलाने हा विषय तुमच्यापाशी काढला, म्हणजे त्याला अजून तुमच्याशी बोलावंसं वाटतं. "किती दिवस चाललंय हे?" यापेक्षा "तिथे तुला काय मिळतं?" हा प्रश्न जास्त माहिती मिळवून देतो. एकदा त्याच्यासोबत जाऊन बसा. तिथली माणसं कशी आहेत, तुम्हाला पाहून ती बावरतात की बसायला खुर्ची देतात, पैशाचा विषय किती वेळा निघतो, हे तुमच्या अनुभवी डोळ्यांना त्याच्याआधी दिसेल. आणि तुमच्या अंत्यविधीचा प्रश्न छळत असेल तर तो सरळ काढा. त्यातलं कोण काय करेल, वेगळा धर्म मानणाऱ्या मुलाने कशात भाग घ्यावा आणि कशात नुसतं उभं राहावं, हे तुमच्या धर्मगुरूला आणि त्याच्याही धर्मगुरूला विचारून दोन ओळींत लिहून ठेवा. पुष्कळदा दोन्हीकडची उत्तरं अपेक्षेपेक्षा मोकळी निघतात, आणि नाही निघाली तरी त्या दिवशी घरात त्यावरून वाद होत नाही.